आडोसा

"मागे बघू नका, दाजी! माझ्या चाकाकडे बघा!"

मेव्हण्याचं ओरडणं ऐकून दाजींनी मान पुन्हा खाली घातली आणि त्याच्या मागच्या चाकावर नजर खिळवली. ते चाक त्यांच्या पुढच्या चाकापासून वीतभर अंतरावर फिरत होतं. चढ संपला होता, रस्ता सपाट झाला होता आणि समोरून वारा असा येत होता, जणू त्याला कुणी आग्रहाचं आमंत्रण दिलं होतं. पण तो सगळा मेव्हणा अंगावर घेत होता. दाजी त्याच्या पाठीमागे आडोशाला होते आणि तिथे त्यांना फार अवघडल्यासारखं होत होतं.

सायकलच्या शर्यतीत पुढच्याच्या आडोशाने चालवलं की निम्मे कष्ट वाचतात. म्हणून जोडीतला एक जण आपल्या छातीवर वारा घेत पुढे राहतो, शेवटच्या दोनशे मीटरची पाटी आली की कोपर हलवून खूण करतो आणि बाजूला होतो. मागचा ताज्या पायांनी सुटतो आणि जिंकतो. ही जोडी शर्यतीला उतरायला लागली तेव्हापासून बाजूला होणारे नेहमी दाजीच. मेव्हणा शाळेत खेळाचा शिक्षक, वयाने लहान, पायात जोर. दाजी सोफ्यांना कापड चढवणारे. लोक सोफ्यावर बसून कापडाचं कौतुक करतात, आत ताणून मारलेल्या पट्ट्या कुणी बघत नाही, हे त्यांना कुणी शिकवावं लागलं नव्हतं. कप मेव्हण्याच्या घरी जात. दाजी धापा टाकत मागून पोचत तेव्हा फोटो काढून झालेले असत.

गेल्या महिन्यात डॉक्टरांनी त्यांच्या हृदयाच्या तपासणीच्या अहवालावर बोट ठेवलं आणि सांगितलं, फिरायला सायकल चालवा, शर्यत बंद. दाजी म्हणाले, नाव दिलंय, ही एक होऊ द्या. डॉक्टरांनी हात जोडले. बायकोने अबोला धरला आणि मग तो मोडून म्हणाली, "जायचंच असेल तर मी शेवटच्या रेषेवर उभी राहणार." इतक्या वर्षांत ती एकदाही आली नव्हती.

मेव्हण्याला कळलं तेव्हा तो एवढंच म्हणाला, "या वेळी वारा माझा, कप तुमचा."

दाजींनी ते हसण्यावारी नेलं. पण दुसऱ्या दिवशी दुकानात, तोंडात बारीक खिळे धरून एका खुर्चीची बैठक ताणताना, त्यांचे हात थांबले. आपल्याला तो कप हवा आहे, हे त्यांना तेव्हा कळलं. थोडाथोडका नव्हे, लहान मुलाला हवा असतो तसा. इतकी वर्षं आपल्याला तो नकोच आहे असं ते समजून चालले होते आणि ते साफ खोटं होतं.

"श्वास कसा आहे?" मेव्हण्याने न वळता विचारलं.

"ठीक आहे."

"बाकीचे जरा मागे पडलेत. आता घोडामैदान जवळच आहे."

वळण संपलं आणि शेवटचा सरळ रस्ता समोर आला. दोन्ही बाजूंना माणसं होती. दाजींचा वेग मेव्हण्याइतका नाही, त्यांना पाय मोकळे करायला जास्त अंतर हवं, असं आधीच ठरलं होतं. म्हणून पाटीच्या बऱ्याच आधी मेव्हण्याने कोपर हलवलं आणि तो डावीकडे सरकला.

"जा, दाजी!"

वारा सणकन छातीवर आला. ते उठून उभे राहिले आणि त्यांनी पायडल दाबलं. पाय उत्तम चालत होते. छाती भात्यासारखी चालत होती, पण कुठेही दुखत नव्हतं. रेषेपाशी बायको पिवळी पर्स डोक्यावर धरून हलवत होती. त्यांच्यापुढे कुणीच नव्हतं. असा मोकळा रस्ता त्यांनी कुठल्याच शर्यतीत पाहिला नव्हता.

मग खांबावरची दोनशेची पाटी आली.

जित्याची खोड म्हणतात ती अशी. दाजींचं कोपर हललं. सायकल डाव्या कडेला गेली, पाय थांबले आणि त्यांनी काखेखालून मागे पाहिलं, येणाऱ्याला वाट मोकळी आहे ना याची खात्री करायला.

येणारं कुणीच नव्हतं. लगेच मागे फक्त मेव्हणा होता आणि त्याचं तोंड उघडंच राहिलं होतं.

"दाजी! अहो, काय करताय? जा ना!"

काय झालं ते ध्यानात आलं तेव्हा वेग मेला होता. त्यांनी सगळा जोर लावला, पण सायकल जड झाली होती, हलता हलेना. मागून चाकांचा गुंजारव आला आणि बाकीचे सगळे दोन्ही अंगांनी पुढे निघून गेले. हातातोंडाशी आलेला घास कुणी हिसकावला नव्हता. तो त्यांनी स्वतः खाली ठेवला होता.

रेषा ओलांडून ते फुटपाथवर बसले. मेव्हण्याने सायकल टाकली आणि तो धावत आला. त्याचा आवाज चिरकला होता.

"कुणासाठी बाजूला झालात? सांगा ना! कोण येणार होतं?"

तेवढ्यात बायको गर्दीतून वाट काढत आली आणि गुडघ्यांवर बसली. तिचा चेहरा पांढरा पडला होता.

"छातीत कळ आली ना? म्हणून थांबलात ना?"

दाजींनी तिच्याकडे पाहिलं.

"हो," ते म्हणाले.

मेव्हण्याचा राग तिथल्या तिथे विरला. त्याने दाजींच्या बगलेत हात घातले आणि त्यांना जवळजवळ उचलून रुग्णवाहिकेपाशी नेलं. आतल्या तरुण डॉक्टरीणबाईंनी दंडाला पट्टा बांधून दाब बघितला आणि छातीला तारा लावल्या. यंत्रातून कागदाची पट्टी निघाली. तिघं बघत राहिली. दाजींना आयुष्यात पहिल्यांदाच वाटलं, त्या पट्टीवर काहीतरी वाईट निघावं.

"अगदी व्यवस्थित आहे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "ठोके, दाब, सगळंच. आत्ता दुखतंय का?"

"नाही."

"मघाशी नक्की कुठे दुखलं होतं?"

दाजींनी हात छातीवर ठेवला, मग थोडा बाजूला सरकवला. मेव्हणा त्या हाताकडे बघत होता. बराच वेळ बघत होता. मग त्याने नजर काढून घेतली आणि बहिणीकडे वळून जरा मोठ्यानेच म्हणाला, "वेळेवर थांबले म्हणून, ताई. आणखी थोडं ताणलं असतं तर धडगत नव्हती."

तिने डोळ्यांना रुमाल लावला. दाजींनी तोंड भिंतीकडे फिरवलं. त्यांचे खांदे हलायला लागले तेव्हा तिला वाटलं, सुटल्याच्या आनंदाने रडताहेत, म्हणून ती त्यांची पाठ थोपटत राहिली.