पंख्याखालची पन्नी

चंपतरावांच्या घरात नव्या वस्तूवरचं प्लास्टिक काढायची पद्धत नाही. फ्रिजच्या दाराला अजून कंपनीची पन्नी आहे, टीव्हीच्या रिमोटला आहे, आणि सोफ्यावर तर अशी आहे की उन्हाळ्यात बसलेला पाहुणा उठताना चर्र आवाज करून उठतो. पन्नी आहे तोवर वस्तू नवी, हा त्यांचा कायदा. नागपूरजवळच्या कुहीकडच्या शेतकरी घरातला माणूस, वस्तू जपणं त्यांना कोणी शिकवावं लागत नाही. कुठे थांबावं ते मात्र कोणीतरी शिकवायला हवं होतं.

त्यांची एकुलती एक लेक पिंकी ॲनिमेशन करते, म्हणजे कॉम्प्युटरवर हलत्या चित्रांच्या फिल्मा बनवते. हैदराबादच्या एका कंपनीने तिला एक छोटी फिल्म करून पाठवायला सांगितलं होतं. आवडली तर नोकरी. नेमका तेव्हाच तिचा कॉम्प्युटर तापायला लागला. नागपूरचा मे महिना, माणसं तापतात तिथे यंत्राची काय कथा! पिंकी तो दुकानात न्यायला निघाली, तर चंपतराव आडवे आले.

"काहून नेऊन राहिली दुकानात? मी करून देतो. जिंदगीभर पंपाच्या मोटरी खोलल्या मी."

"बाबा, हे मोटर नाही. प्रोसेसर आहे."

"तापते ना? मंग मोटरच झाली."

पाणीपुरवठ्याच्या खात्यात पंप सांभाळून निवृत्त झालेला माणूस, ऐकतोय कशाला! प्रोसेसरची उष्णता पंख्याच्या तळाकडे ओढून नेणारी पेस्ट मागवली, प्रोसेसरवर बसवायचा नवा पंखा मागवला, व्हिडिओ पाहिला आणि जाहिरात आली तिथे सोडून दिला. जुना पंखा उचलला तर खालची पेस्ट खडूसारखी वाळलेली. ती त्यांनी निगुतीनं पुसली. वाटाण्याएवढी नवी पेस्ट मधोमध ठेवली. इथवर सगळं बरोबर होतं. नव्या पंख्याचा तांब्याचा तळ मात्र आरशासारखा चकचकीत होता आणि त्यावर पातळ पन्नी होती. तिच्यावर लाल अक्षरं होती. चंपतरावांच्या नखाला तिची कडही लागली. असू दे, चांगला राहील, असं म्हणून त्यांनी स्क्रू आवळले.

कॉम्प्युटर सुरू झाला. दोनचार दिवस हलक्या कामात काही कळलंही नाही.

फिल्म पाठवायच्या दिवशी पिंकीनं शेवटचं काम लावलं. सगळी चित्रं जोडून फिल्म तयार व्हायची होती, आणि त्यात कॉम्प्युटरचा जीव निघतो. काम लावून ती आंघोळीला गेली. तिची आई शामला खोलीत आली, कोणी नाही असं पाहून तिनं कूलर बंद केला. रिकाम्या खोलीत कूलर चालवणं तिला पाप वाटतं. पिंकी परत येते तो स्क्रीन काळी. कूलर लावून पुन्हा सुरू केलं, पुन्हा बंद. संध्याकाळपर्यंत हेच. फिल्म गेली नाही आणि कंपनीनं मुदतही वाढवून दिली नाही.

"तुले काय कराचं होतं वं आई कूलरले हात लावून? जळला ना माहा कॉम्प्युटर! गेली ना नोकरी!"

"मले काय मालूम वं माय..."

त्यानंतर पिंकी आईशी बोलली नाही. ताट घ्यायची आणि खोलीत जायची. शामला कूलरसमोर बसेनाशी झाली. बाहेरच्या खोलीत घामाघूम होऊन पडायची आणि म्हणायची, माह्या हातानं पोरीचं वाटोळं झालं.

एका दुपारी पिंकी मैत्रिणीकडे गेली असताना चंपतरावांनी पुन्हा कॉम्प्युटरचा डबा खोलला. पंखा उचलला. सगळी पेस्ट पन्नीवर माखलेली, पलीकडे तांबं कोरं करकरीत. आता चष्मा लावून त्यांनी लाल अक्षरं वाचली. बसवण्याआधी काढा, एवढंच इंग्रजीत लिहिलं होतं. त्यांनी पन्नी सोलून शर्टाच्या खिशात टाकली, नवी पेस्ट लावली. कॉम्प्युटर गार चालू लागला. जळलंबिळलं काही नव्हतंच.

शामला ताक घेऊन आली. "सुधरला? देवच पावला. तुमी होते म्हणून, मी तं मोडूनच ठेवला होता."

बोलायची वेळ हीच होती. चंपतरावांनी ताक पिऊन टाकलं. एवढं आंबट तोंड त्यांचं कधी झालं नव्हतं. स्वतःची लाज वाटत होती.

चोराच्या मनात चांदणं. शामलानं धुवायला शर्ट मागितला तर ते खिसा दाबून ओरडले, "राहू दे!" ती बिचारी दचकून मागे सरली, जणू आता कशालाच हात लावायचा तिला हक्क उरला नव्हता. ते पाहून मात्र त्यांना राहवेना. पिंकी घरी येताच ते तिच्या खोलीत गेले आणि पन्नी टेबलावर ठेवली.

"कूलरनं नाही झालं, पिंके. मी हे काढलंच नव्हतं."

पिंकीनं पन्नी उलटसुलट करून पाहिली. चार शिव्या बसतील तर बरं, असं त्यांना वाटत होतं.

"आईले सांगितलं?"

"नाही."

"मंग पहिले मले काहून सांगून राहिले?"

ते स्वयंपाकघरात गेले. शामला खाली बसून विळीवर वांगी चिरत होती. त्यांनी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं, ताक प्यायलो तेव्हाही माहीत होतं, हेसुद्धा सांगितलं. ती चिडेल, भांडं आपटेल, चार दिवस अबोला धरेल, हे सगळं ते धरून चालले होते. तिनं विळी बाजूला सारली आणि वर पाहिलं.

"म्हंजे माह्यानं नाही झालं?"

"नाही."

"खरंच माह्यानं नाही ना झालं?"

"नाही वं."

तिनं पदर डोळ्यांना लावला.

"मंग पिंकीले सांगा ना," ती म्हणाली. "माह्यासमोर सांगा."

पिंकी त्यांच्या मागे दारातच येऊन उभी होती. चंपतरावांनी घसा खाकरला आणि पहिल्यापासून पुन्हा सांगायला सुरुवात केली.