आधीच्या माणसाला वाट

इलारिओचं सगळं आयुष्य दुसऱ्यांसाठी दार उघडण्यात गेलं. ब्यूनोस आयर्समधल्या एका सातमजली इमारतीचा तो राखणदार. त्या इमारतीत अकरा मानसतज्ज्ञांच्या खोल्या होत्या, आणि रडून लाल झालेले डोळे घेऊन खाली उतरणाऱ्या माणसाकडे न बघता त्याला रस्त्यावर कसं सोडायचं, हे त्याला चाळीस वर्षांच्या सवयीनं जमत असे. बायको देलिया शरद ऋतूत गेली आणि त्याची झोपही गेली. डोळा लागतो न लागतो तोच इंटरकॉम वाजल्याचा भास होई आणि तो उठून बसे.

"अकरा जणांचा कचरा उचलतोस आणि तुला त्यातला एक सापडेना?" कोपऱ्यावरची सिगारेटवाली इर्मा म्हणाली.

"त्यांचा कचरा मी बघतो, इर्मा. आता माझा त्यांना दाखवू?"

"मग बाहेरची बघ. पण पत्ते मांडून भविष्य सांगणारी नको हं. परवानावाली बघ. नाहीतर तुला देलियाशी बोलणं करून देईल आणि वर पुढच्या वेळी तिच्यासाठी जोडे पण मागेल."

तो हसला, कित्येक दिवसांनी. मग इर्मानंच पाच चौक पलीकडच्या पेरेत्तीबाईंचा पत्ता दिला. इलारिओनं त्यांचा परवाना क्रमांक कागदावर उतरवला, मानसतज्ज्ञांच्या मंडळाच्या कचेरीत फोन केला आणि अक्षर न् अक्षर तपासून घेतलं. परवाना खरा होता, चालू होता. गुरुवारी चारची वेळ ठरली.

त्या शहरात इमारतीचं रस्त्यावरचं दार आतूनबाहेरून कुलपात असतं. त्यामुळे बाई किल्ली घेऊन खाली येतात, आधीच्या माणसाला बाहेर सोडतात आणि त्याच खेपेत पुढच्याला वर नेतात. इलारिओला हे नवं नव्हतं. पहिल्या गुरुवारी त्यानं दाराबाहेरच्या इंटरकॉमवर चौथ्या मजल्याचं बटण दाबलं. बाई उतरल्या, दार उघडलं, आणि कुणी चार पावलं टाकील इतका वेळ ते तसंच धरून उभ्या राहिल्या. तो अदबीनं बाजूला सरला. बाहेर मात्र कुणी आलं नाही. बाईंनी मान किंचित लववली, दार लावलं आणि दोघं वर गेले.

दुसऱ्या गुरुवारी तेच, तिसऱ्याही. एखादा फार लाजरा माणूस असेल, आपल्या आधीच निसटत असेल, असं त्यानं मनाशी ठरवलं. दुसऱ्याच्या दाराबद्दल राखणदारानं विचारायचं नसतं. वरच्या खोलीत तीन खुर्च्या होत्या. तो बोलत असताना बाई अधूनमधून इंटरकॉमखालच्या रिकाम्या खुर्चीकडे बघत. या लोकांना समोरच्याच्या तोंडाकडे बघायचं नसतं, हेही त्यानं ऐकलेलं होतंच.

सातव्या गुरुवारी त्याच्या तोंडून ते बाहेर पडलं.

"मी सगळ्यांना सांगितलं, त्या दिवशी पाव आणायला गेलो होतो. नव्हतो गेलो. खाली दाराशीच होतो, पितळी पाट्या घासत. सकाळी सूपवरून आमचं वाजलं होतं. वरून, आमच्या खोलीतून, तिनं इंटरकॉम केला. म्हटलं, आता गोड बोलायला लागली. नाही उचलला. पुन्हा वाजला. तिसऱ्यांदा फार वेळ वाजला, बाई. मग थांबला. आणि मी हातातली पाटी पुरी घासली. चांगली चकचकीत केली."

बाईंनी पुन्हा त्या रिकाम्या खुर्चीकडे पाहिलं.

"आज इथंच थांबू," बाई हळूच म्हणाल्या.

त्या रात्री इलारिओ सकाळपर्यंत झोपला. आठवडाभर झोपला. पुढच्या गुरुवारी दाढी करून, बेकरीतल्या गोड पावांचा दोरीनं बांधलेला पुडा घेऊन तो निघाला. बाईंना एवढंच सांगायचं होतं, की आता बेल ऐकू येत नाही.

त्यानं बटण दाबलं. उत्तर आलं नाही. पुन्हा दाबलं. तिसऱ्यांदा त्यानं बोट पांढरं पडेस्तोवर ते दाबून धरलं.

अखेर लिफ्ट उतरली. बाईंनी दार उघडलं, तो सवयीनं बाजूला सरला; पण तो आत येताच आज त्यांनी दार लगेच लावून घेतलं.

"आज माझ्या आधीचं कुणी नव्हतं वाटतं?"

"तुमच्या आधीचं? गुरुवारी तुमच्या आधी मी कुणालाच घेत नाही."

"मग दार धरून उभ्या राहायचात ते?"

"तुमच्या मागून त्या आत यायच्या ना." बाईंच्या आवाजात नेहमीचाच शांतपणा होता. "तुम्ही बाजूला होऊन त्यांना आधी वाट द्यायचात. मला बरं वाटायचं ते. मी जोडप्याचीच नोंद केली होती."

इलारिओच्या हातातला पुडा दोरीवर हलकेच फिरत राहिला.

"मागच्या वेळी तुमचं सांगून झालं आणि त्या उठल्याच नाहीत. तुम्ही एकटे उतरलात. म्हटलं, दोघांचं आपसांत काही ठरलं असेल. आठवडाभर आहेत तशाच बसल्यात." त्यांनी लिफ्टची जाळी सरकवून धरली. "आणि आज तुम्हाला ताटकळावं लागलं, माफ करा. मी आत हात धूत होते. त्यांना दोनदा म्हटलं, उचला, इलारिओ असतील. इंटरकॉम अगदी हाताशी आहे त्यांच्या. पण त्या नुसत्या ऐकत बसल्या."