कृमी मागे वळू लागले

विमला कुडाळच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायची आणि उरलेल्या वेळात सूत्रकृमींची चाल मोजायची. मातीतले हे कृमी केसाहून बारीक. सूक्ष्मदर्शकाखाली बशीत ते नागमोडी सरकत, ती त्यांच्या जागा कागदावर टिपून घेई आणि ते आकडे कॉलेजात नव्यानेच आलेल्या कॉम्प्युटरला देई. तिने लिहिलेला प्रोग्रॅम मग पडद्यावर कृमीची वाट काढून दाखवायचा. कृमी किती वेगाने गेला, कितीदा वळला, सगळं कळे. सहकारी हसत. तिला मात्र त्या लांब, निवांत वाटा बघत बसायला आवडे.

त्या वर्षी पावसाळा सरला आणि वाटा आखडल्या. कृमी जरासा पुढे जाई, थबके, मागे वळे. दिवाळीपर्यंत पडद्यावर वाट अशी राहिलीच नाही, नुसता गुंता. प्रोग्रॅम चुकला असेल म्हणून तिने गेल्या वर्षीचे आकडे घालून पाहिले. वाटा पूर्वीसारख्याच लांब आल्या. तिने बश्या उकळल्या, कृमी नवे आणले. काही फरक नाही. शेवटी राहिलं पाणी. कॉलेजच्या नळाच्या पाण्याला औषधाचा वास, म्हणून ती पिंगुळीजवळच्या आपल्या घरच्या विहिरीचं पाणी बाटलीतून आणायची. एका बशीत तिने ते घातलं, दुसरीत प्रयोगशाळेतलं शुद्ध पाणी. दुसऱ्या बशीतले कृमी सुरळीत चालू लागले.

विमलाला तहान लागली होती. घोटभर पाणी प्यावं म्हणून तिने बाटली उचलली आणि तशीच खाली ठेवली.

घरी दाजीकाका काही ऐकून घेईनात. आईवडिलांमागे तिला त्यांनीच वाढवलं, शिकवलं होतं.

"आमचे आजे-पणजे ह्याच पाणी पिऊन म्हातारे झाले," ते म्हणाले. "आता तुझ्या किड्यांक इचारून आमी पाणी पिवचा?"

तुळसाकाकी भांडी घासता घासता थांबली. महिनाभर तिचा डावा डोळा लवत होता आणि काहीतरी बरं घडणार म्हणून ती खुशीत होती.

"विहिरीत बेडूक एकव उरलो नाय," ती हळूच म्हणाली. "ती भिजलेली पावडर खंय पुरल्यात, तां सांगा तिका."

काजूच्या मोहोरावर मारायची ती विषारी पावडर. पावसात गोण्या भिजून तिची ढेकळं झाली, तेव्हा दाजीकाकांनी ती विहिरीच्या वरच्या अंगाला खड्ड्यात गाडली होती. ते उठले, रहाटाचा दोर सोडवला आणि विहिरीवर फळ्या ठोकल्या.

पाणी मग खालच्या घरातून, सत्यवानाच्या विहिरीतून येऊ लागलं. विमलाने त्याचीही बाटली कॉलेजात नेली. पडद्यावर रेघ उमटली, बोटभर पुढे गेली आणि मागे वळली.

ती मिळेल त्या एस.टी.ने परतली. सत्यवानाची सून पोटुशी होती. त्याच्या अंगणात वाडीतली माणसं जमली, तेव्हा विमलाने तोंड उघडण्याआधीच दाजीकाका पुढे झाले.

"पावडर मीच पुरलंय," ते म्हणाले.

कुणी शिवी दिली नाही, कुणी अंगावर धावलं नाही. सुनेने हातातला तांब्या ओट्यावर ठेवला आणि ती आत गेली. सत्यवान उताराकडे बघत होता. तिथून नदीपर्यंत विहिरीच विहिरी होत्या.

"आणि खालच्यांचा काय?" त्याने विचारलं.

विमला घरोघरी बाटल्या मागत निघाली. तिसऱ्या घरी एक म्हातारी पायरीवर बसून पाणी पीत होती. तिच्या हातातलं भांडं थरथरत होतं आणि डोळा तुळसाकाकीसारखाच लवत होता.