काटा हिरव्या पट्टीखाली

मी एक जुना मीटर आहे. चार जणांच्या छोट्या विमानात इंजिनातल्या तेलाचा दाब दाखवणे, एवढेच माझे काम. मित्रांनो, काटा हिरव्या पट्टीत असला की माझ्याकडे कुणी ढुंकून पाहत नाही. खाली आला की मला शिव्या बसतात.

कारखान्यात एका बाईने भिंगातून बघत माझा काटा बसवला होता. पहिला मालक उड्डाणाआधी माझी काच फडक्याने पुसत असे. अठरा वर्षे मी एकदाही चुकलो नाही. मग एका दातांच्या डॉक्टरांनी विमान विकत घेतले आणि माझे दिवस फिरले.

डॉक्टरांना दुसऱ्याने सांगितलेले खपत नसे. त्यांच्या सासूबाईंनी तीस वर्षे लोकांना विमान चालवायला शिकवले होते. 'हा माणूस ऐकून घेत नाही,' असे त्या लग्नाआधीच म्हणाल्या होत्या आणि ते जावयाच्या कानावर गेले होते. तेव्हापासून एका घरात राहूनही दोघे एकमेकांशी बोलत ते सासूबाईंच्या मुलीमार्फत, म्हणजे डॉक्टरांच्या बायकोमार्फत. 'आईंना सांग, मी जेवलोय.'

एकदा मेकॅनिकबाईंना इंजिनाखाली तेलाचा ओलावा दिसला. नळी झिजली आहे, बदलल्याशिवाय उडू नका, असे त्यांनी बजावले. डॉक्टर म्हणाले, पुढच्या आठवड्यात बघू. त्याच आठवड्यात दूरच्या गावी मावशीकडे गेलेली त्यांची बायको अचानक बाळंत झाली. रस्त्याने नऊ तास लागले असते, म्हणून हे दोन वैरी माझ्यासमोर शेजारी शेजारी बसले. सासूबाईंनी निघताना तेल तपासले. ते पुरेपूर होते. नळीबद्दल जावयाने अवाक्षर काढले नाही.

पाऊण तासाने माझा काटा उतरू लागला. डॉक्टरांनी काचेवर टिचक्या मारल्या.

"हा मीटर पहिल्यापासून खोटारडा आहे."

"शेजारच्या मीटरवर तेलाचं तापमान चढतंय," सासूबाई म्हणाल्या. "दोघं मिळून खोटं बोलत नाहीत."

इंजिन चालू आहे तोवर त्याचा जोर कमी करा आणि डावीकडच्या कापणी झालेल्या शेतात उतरा, असे त्यांनी सांगितले. विमानतळ बारा मिनिटांवर आहे आणि विमान माझे आहे, असे जावयाने ऐकवले.

"विमान तुमचं, जावईबापू. तिकडे वाट बघतेय ती लेक माझी आहे."

डॉक्टर पुढेच गेले. माझा काटा तळाला टेकला. मी आणखी काय करणार? थोड्या वेळाने लोखंड लोखंडावर घासल्यासारखा आवाज झाला, सगळे अंग थरथरले आणि पंखा डोळ्यांसमोर थांबला. डॉक्टरांनी घाबरून हँडल छातीशी ओढले. विमानाचे नाक वर गेले, वेग मरू लागला. सासूबाईंनी हँडल हिसकावले नाही. दोघांच्या ओढाताणीत विमान नक्की पडले असते.

"नाक खाली. आधी वेग सांभाळा, बाकी सगळं नंतर."

जन्मात पहिल्यांदा जावयाने त्यांचे ऐकले. कापलेले शेत मागे राहिले होते, समोर होते ते नांगरलेले. सासूबाईंनी तेच दाखवले, रेडिओवर ठिकाण कळवले, पेट्रोल बंद केले आणि दार अडकू नये म्हणून आधीच किलकिले केले. ढेकळांत पुढचे चाक मोडले आणि आम्ही नाकावर आपटलो. सासूबाईंचे कपाळ फुटले, पण दोघेही आपल्या पायांनी बाहेर पडले.

"मीटरनं दगा दिला," बाहेर येताच डॉक्टर म्हणाले.

सासूबाईंनी विमानाच्या पोटावर बोट फिरवले. ते तेलाने काळे झाले.

"गळती तुम्हाला माहीत होती."

डॉक्टरांनी मान फिरवली. सासूबाई रक्ताळलेल्या रुमालानिशी रस्त्यापर्यंत चालत गेल्या आणि एकट्याच बसने मुलीकडे पोचल्या. तिला त्यांनी सगळे सांगितले. जावई त्यांच्याशी आता मुलीमार्फतही बोलत नाहीत.

चौकशीत डॉक्टरांनी मलाच दोषी ठरवले. मेकॅनिकबाईंनी सर्वांसमोर माझी परीक्षा घेतली. मी रेघेवर रेघ बरोबर निघालो. तरी डॉक्टरांनी मला काढायला लावले. आता मी मेकॅनिकबाईंच्या टेबलाच्या खणात पडून आहे आणि दुरुस्त झालेल्या विमानात माझ्या जागी नवा मीटर बसला आहे.

मित्रांनो, त्याची माझी ओळख नाही. तरी त्याच्या वतीने एक मागणे आहे. त्याचा काटा खाली आला तर खुशाल चिडा, हव्या तेवढ्या शिव्या द्या. पण त्याआधी विमान खाली उतरवा.