शॉवरशेजारचा स्विच

मी एक जुना स्विच आहे, आणि एकदा मी एका बाईचा जीव घ्यायला निघालो होतो. मित्रांनो, ही गोष्ट गोड करून सांगता येणार नाही. मला तसं सांगायचंही नाही.

माझा जन्मच मुळी मारझोडीतला. कारखान्यात तापलेल्या साच्यात माझं काळं अंग दाबून काढलं, वर पितळेची गोल टोपी ठोकून बसवली. मग एका घरात वायरमनने छिन्नीने भिंत फोडली आणि मला आत कोंबलं. ती खोली कोरडी होती. तिथे जुन्या पेट्या होत्या, एक मोडकी सायकल होती आणि एक दिवा. त्या दिव्याचा मी मालक. कितीतरी वर्षं मी इमानेइतबारे काम केलं, कुणाला साधा चिमटाही काढला नाही.

पुढे घरमालक अण्णांच्या डोक्यात आलं, की या खोलीचं बाथरूम करायचं. घणाने अर्धी खोली फोडली. माझ्यापासून जेमतेम हातभर अंतरावर शॉवर लागला. फरशीवाल्याने माझ्याभोवती टाइल अशी गोल कापली, की शेजारीपाजारी बघायला आले. "काय हात आहे हो!" सगळे म्हणाले. मीही फुगलो. फक्त वायरमनचा चेहरा उतरला.

"अण्णा, हा इथे चालणार नाही," तो म्हणाला. "शॉवरखाली उभ्या माणसाचा हात पोहोचेल तिथे स्विच ठेवायचाच नसतो. दाराबाहेर घेऊ. आणि करंट गळला की आपोआप बंद होणारा ट्रिप स्विच बसवू. अर्थिंगही बघून घेतो."

"म्हणजे परत भिंत फोडणार? एवढी सुंदर टाइल?" अण्णा हसले. "तू पण ना, अगदी भित्रा आहेस."

वायरमन मान हलवत निघून गेला. मग अण्णांनी बाजारातून गिझर आणला आणि स्वतःच माझ्या तारांना जोडून टाकला. अरे, मी एका दिव्याचा स्विच! तो भार मला कसा पेलणार? मी आतून भाजायला लागलो. वरून शॉवरची वाफ शिरायची. तारेवरचं रबर कडक झालं, फुटलं, आणि उघडी तार माझ्या पितळी टोपीला जाऊन टेकली.

पहिला दणका अण्णांनाच बसला. कोपरापर्यंत हात झिणझिणला. मला वाटलं, आता तरी शहाणे होतील. पण अण्णांनी काय केलं? कपडे घासायचा लाकडी पाठीचा ब्रश माझ्याशेजारी खिळ्याला टांगला. "ब्रशच्या पाठीने दाबायचं," त्यांनी फर्मान काढलं. माझं नावही ठेवलं, 'चावरा'. पाहुण्यांना मुद्दाम बाथरूममध्ये नेऊन ते मला दाखवत. "आमच्या घरातलं कुत्रं बघा, बांधून ठेवलंय!" सगळे पोट धरून हसत. अण्णांच्या बायकोला घरात सगळे माई म्हणत. त्याही हसत. मित्रांनो, मला दुसरी कुठली भाषा येत नव्हती. चावूनच सांगता येत होतं, आणि त्याचीच मस्करी झाली.

दोन वर्षं अशीच गेली. मग एका रविवारी सकाळी माई शॉवरखाली उभ्या होत्या. डोळ्यांत साबण होता. पाणी एकदम गार पडलं. गिझर लावायला त्यांनी चाचपडत खिळ्यावरचा ब्रश शोधला. ब्रश नव्हता. सूनबाई तो घेऊन मागच्या दारी कपडे घासत होती. माईंनी ओल्या हाताने माझी टोपी पकडली.

मी त्यांना सोडलं नाही. सोडणं माझ्या हातातच नव्हतं. करंट अंगातून गेला की मूठ आपोआप आवळते. माईंची मूठ माझ्यावर अशी आवळली, की नखं मुळापासून पांढरी पडली. त्यांना ओरडताही येईना. दातांवर दात करकरत होते, जीभ चावली गेली होती, हनुवटीवरून रक्त ओघळत होतं. पाय फरशीवर थडथड आपटत होते. तळहाताचं कातडं जळल्याचा वास सुटला. लाथेने बादली उडून दारावर आदळली.

तो आवाज ऐकून अण्णा धावले. दोन लाथांत कडी तुटली. समोरचं दृश्य बघून ते हात पसरून माईंकडे झेपावले.

"बाबा, हात लावू नका!" मागून सूनबाई किंचाळली. ती कारखान्यात नोकरीला होती, तिथे हे सगळं शिकवलेलं होतं. तिने अण्णांची कॉलर धरून त्यांना मागे ओढलं. ते हिसडा देऊन पुन्हा पुढे झाले. मग तिने हातातला ब्रश सासऱ्यांच्या तोंडावर हाणला, दातच तुटावा इतक्या जोरात. अण्णा कोसळले. ती पॅसेजमध्ये धावली आणि तिने मेन स्विच खाली ओढला.

माझी पकड सुटली. माई नळावर डोकं आपटून खाली पडल्या. छाती हलत नव्हती.

सूनबाई गुडघ्यांवर बसली आणि दोन्ही हातांनी त्यांची छाती दणादणा दाबू लागली. कट् असा आवाज झाला. बरगडी मोडली होती.

"अगं, मारशील तिला!" अण्णा रक्ताळलेल्या तोंडाने रडत होते.

"आधी फोन करा! अँब्युलन्स बोलवा!" ती थांबली नाही. कितीतरी वेळाने माईंनी घशातून एक भयानक श्वास ओढला. त्यापेक्षा सुंदर आवाज मी आजवर ऐकलेला नाही.

माई वाचल्या. उजव्या हाताची दोन बोटं मात्र डॉक्टरांना कापावी लागली. इस्पितळातून परतताच अण्णा हातोडा घेऊन माझ्यासमोर उभे राहिले. एक घाव, दोन घाव. ती सुंदर टाइल फुटली, माझी कड उडाली. "हरामखोरा! माझ्या बायकोला खातोस?"

वायरमनने त्यांचा हात धरला. तो नव्या तारा घेऊन आला होता.

"त्याला काय मारता, अण्णा? तो तर दोन वर्षं रोज ओरडून सांगत होता."

अण्णांनी हातोडा खाली ठेवला आणि ते रडू लागले. मीही मनात रडलो. चूक माझी नसेल, पण ती बोटं माझ्यामुळे गेली. ते ओझं माझ्यावरून उतरत नाही.

आता त्या घरातले स्विच बाथरूमच्या बाहेर आहेत. मला वायरमनने आपल्या पिशवीत घातलं. तो शाळाशाळांतून मला मुलांच्या तळहातावर ठेवतो. आता मी कुणाला चावू शकत नाही, म्हणून हे तुमच्याशी निवांत बोलतो आहे.

मित्रांनो, ओल्या हाताने स्विचला शिवू नका. बाथरूममध्ये प्लग लावून काही चालवू नका. आणि एक खास विनंती. तुमच्या घरातला एखादा स्विच ब्रशने, काठीने किंवा चपलेने दाबला जात असेल, तर आजच मोठ्यांना सांगा, की वायरमनला बोलवा. ते कदाचित हसतील. तुम्ही मात्र हसू नका.