खिळ्यावरची साखळी

गिऱ्हाइकाने गाडीच्या आवाजाचं नाव काढलं, की आमचे थोरले चिरंजीव गाडीतला रेडिओ मोठा करतात. "आता येतो का आवाज?" असं वर विचारतात. कानाखाली वाजवावीशी वाटते, पण त्याच्याच कानशिलावर आता पांढरे केस आलेत.

नर्सबाई तिसऱ्यांदा आल्या तेव्हाही त्याने हेच केलं. बाई बाळंतपणं करायला लांबलांब जातात. गाडी वाटेत बसली, तर तिकडे कुणाचीतरी लेक अडून राहायची.

"सकाळी चालू केली की खडखडते, चढाला दम टाकते," त्या म्हणाल्या.

"तुमचे कान वाजतात, बाई. मागच्या खेपेला टेन्शनर नवा घातला. साखळी मापून बघितली, ठणठणीत आहे."

टेन्शनर म्हणजे इंजिनातल्या साखळीला रेटून ताठ धरणारा. मी शाळेत दोन वर्षं गेले असेन, पण या गॅरेजात जन्म गेला. साखळीची कडी न् कडी केसाएवढी झिजते आणि सगळी मिळून साखळी लांबते. टेन्शनर तरी किती रेटणार? मग ती झाकणावर आपटते. आणि दातांवरून उडी मारली, की व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळून इंजिनाचा चुराडा.

"उघड," मी म्हटलं.

"आई, अख्ख्या दिवसाचं काम आहे!"

"मग बोलण्यात घालवू नकोस."

आदळआपट करत त्याने साखळी काढली. भिंतीवरच्या खिळ्याला तसलीच एक साखळी वर्षानुवर्षं लटकते, तिच्याशेजारी अडकवली. दोन्ही खाली अगदी एका रेषेत.

"बघ! बाबांच्या मापाला बरोबर आहे की नाही?"

आजवर हा त्या साखळीला माप समजत होता!

मी सूनबाईला कपाटातली नवी कोरी साखळी आणायला लावली आणि त्याच खिळ्याला लटकवली. नवी करंगळीच्या नखाएवढी वरच राहिली. जुन्या दोघी खाली लोंबत होत्या, सख्ख्या बहिणींसारख्या.

सूनबाई पदरात हसली. ह्याचं तोंड एवढंसं झालं. "मग ही भिंतीवरची कसली?"

"तुझे बाबा 'चालेल अजून' म्हणाले होते, ती. आठ दिवसांत त्या गाडीचं इंजिन गेलं. पुन्हा तसं म्हणू नये म्हणून डोळ्यांसमोर टांगली होती त्यांनी."

"मला कुणी सांगितलं नाही."

"तू कधी विचारलंस?"

नर्सबाई दारात पिशवी धरून उभ्या होत्या. त्यांच्यासमोरच मी त्याला म्हटलं, "त्यांनी आपली चूक चारचौघांत भिंतीवर टांगली. तू तीच चूक या बाईंच्या इंजिनात परत बसवलीस आणि वर त्यांचेच कान वाजतात म्हणालास. आधी बाईंची माफी माग. नवी साखळी घाल. ही जुनी इथेच लटकू दे, तुझ्या नावाची. आणि यापुढे या गॅरेजात रेडिओला हात लावलास ना, तर टेन्शनर तुला लावीन!"