कळंब्याच्या अभ्यासिकेचा ठराव

शिवाजी पेठेतल्या त्या वाचनालयात बावीस वर्षांत एकही ठराव बहुमताने झाला नव्हता. झाले ते सगळे एकमताने. याचं श्रेय संचालकांच्या शहाणपणाला देऊ नये. ते कार्यवाह दत्तप्रसाद यांच्या सुवाच्य अक्षराला द्यावं. शनिवारी सभा असली की शुक्रवारी दुपारीच ते इतिवृत्ताच्या वहीत ती उरकून टाकत. सूचक कोण, अनुमोदक कोण, कुणी काय विचार मांडले, सगळं लिहून तयार. शनिवारी उरायचा फक्त चहा, भजी आणि सह्या. अध्यक्ष भाऊसोंच्या मनात काय आहे ते त्यांना आधी फोनवर कळत असे, आणि एकदा ते कळलं की दुसरं मत असायची कुणाला गरजच वाटत नसे.

या खेपेला भाऊसो फोनवर म्हणाले होते, "कळंब्याची अभ्यासिका बंद करावी काय, असा जरा विचार हाय. हितंच पेठेत मोठा हॉल करू."

"व्हय, बरोबर हाय," दत्तप्रसाद म्हणाले, आणि फोन ठेवला.

वाचनालयाची ही शहराच्या टोकाची अभ्यासिका त्यांनी स्वतः उभी केली होती. दोन खोल्या, चाळीस खुर्च्या, नोकरीच्या परीक्षांना बसणारी आसपासची पोरंपोरी. तिथली व्यवस्था दीक्षा बघायची. खुर्च्या पुसायच्या, हजेरी घ्यायची, मोबाइलवर बोलणाऱ्यांना बाहेर काढायचं, आणि उरलेल्या वेळात कोपऱ्यातल्या टेबलाशी बसून स्वतःही अभ्यास करायचा. दत्तप्रसादांनी शाळेत हेडक्लार्क म्हणून उभा जन्म काढला, पण आपण काही केलं असं त्यांना वाटे ते या दोन खोल्यांमुळे. त्या बंद होऊ नयेत असं त्यांना मनापासून वाटत होतं. पण भाऊसोंना तसं सांगायचं म्हणजे आधी कंठ फुटायला हवा होता.

मग त्यांनी नेहमीसारखा शुक्रवारी ठराव लिहिला. माणूस मुळात सज्जन. पोरीला अचानक धक्का नको म्हणून त्याच संध्याकाळी कळंब्याला जाऊन दीक्षाला सांगूनही आले. "सगळ्यांचं एकमत झालंय. तू दुसरीकडं कुठं जमतंय का बघ."

दीक्षाने हातातलं पुस्तक मिटलं. "बरं काका," एवढंच म्हणाली.

सभा अजून व्हायची होती, हे त्या दोघांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही.

शनिवारी भजी आली, वही उघडली, आणि अनुजा आडवी आली. ती संचालक मंडळात नवीन, घरात बसून पुण्याच्या कंपनीचं काम करणारी. तिला ही रीत कुणी सांगितलेली नव्हती. "सही करायच्या आधी एक करून बघूया का?" ती म्हणाली. तिच्या कंपनीत मोठे निर्णय एका वेबसाइटवर करत. प्रत्येकाच्या मोबाइलवर एक लिंक येणार. किती जणांना उपयोग, खर्च किती, सांभाळायला माणूस आहे का, अशा एकेका मुद्द्याला आपल्या मते किती महत्त्व ते दहापैकी गुण देऊन सांगायचं. मग त्याच मुद्द्यांवर दोन्ही पर्यायांना गुण द्यायचे. बाकीचा हिशेब वेबसाइट करणार आणि कुणाचं कुठं जुळतंय, कुठं नाही, तेही दाखवणार.

भाऊसोंना नव्या वस्तूंचा भारी सोस. "बघू की, काय म्हणतंय तुमचं यंत्र," ते म्हणाले. आठवड्याची मुदत ठरली.

पुढच्या शनिवारी अनुजाने भिंतीवर निकाल दाखवला. यंत्र चालवणारी म्हणून ती स्वतः बाजूला राहिली होती; बाकीचे सहा जण, प्रत्येकाचे पंधरा आकडे, आणि पंधराच्या पंधरा सारखे. खाली पिवळ्या चौकटीत सूचना आली होती: उत्तरं स्वतंत्रपणे दिलेली दिसत नाहीत, पुन्हा भरा.

"तुम्ही एकमेकांना फोन केले?" अनुजाने विचारलं.

"मग? विचारल्याशिवाय कसं भरायचं?" मीनाबाई म्हणाल्या. त्या निवृत्त शिक्षिका. वर्गात कुणी कॉपी केली तर कान पिळायच्या. आता त्यांनीच सरळ दत्तप्रसादांना आकडे विचारले होते, आणि दत्तप्रसादांनी भाऊसोंना.

अनुजाला हसू आवरेना. तिने सहाही जणांना सहा वेगळ्या जागी बसवलं. नावं दिसणार नाहीत, बोलायचं नाही. दत्तप्रसाद पुस्तकांच्या कपाटाकडे तोंड करून बसले. एकसष्ट वर्षांचा माणूस, आणि मोबाइलवरच्या आकड्याला घाबरतोय, याची त्यांना लाज वाटली. मग त्यांनी कळंब्यापुढे दहा घातले. पुढच्या मुद्द्यालाही दहा. हात सुटल्यावर मजाही वाटायला लागली.

पंधरा मिनिटांनी भिंतीवर निकाल आला. अभ्यासिका सुरू ठेवावी: सहा. बंद करावी: शून्य.

भजी गार झाली.

"मग बंद कुणाला करायची हुती?" अखेर भाऊसोंनी विचारलं.

सगळ्यांनी त्यांच्याकडेच बघितलं.

"माझ्याकडं काय बघतायसा? दत्तप्रसादांचं गुडघं दुखत्यात, आठवड्यातनं दोनदा कळंब्याला हेलपाटं. त्यांचं ओझं कमी करावं म्हणून मी नुसता विषय काढला. त्ये लगीच व्हय म्हणालं. मला वाटलं, कंटाळलं असतील. म्हणून आकडंबी बंदच्याच बाजूनं सांगितलं."

मीनाबाई पदर तोंडाला लावून हसायला लागल्या, मग सगळेच हसले. हसताना दत्तप्रसादांच्या डोळ्यांत पाणी आलं. वहीतलं पान त्यांनी आडवी रेघ मारून रद्द केलं आणि गुडघ्यांचा विचार न करता स्कूटर काढून थेट कळंबा गाठलं.

दीक्षा हजेरीच्या वहीत रेघा आखत होती. त्यांनी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. सहाच्या सहा! अभ्यासिका कुठंही जात नाही!

तिचा चेहरा क्षणभर उजळला. मग तिने पट्टी खाली ठेवली. "लई बरं झालं काका. पोरांचं बरं झालं. पण मी शाहूपुरीत ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात हो म्हणून आलो. सोमवारपास्नं. सकाळी आठ ते रात्री आठ."

"अगं, त्यांना न्हाय म्हणून सांग की."

"आगाऊ पगार घिऊन आईच्या औषधाला दिला काका. आणि माणूस चांगला हाय, शब्द दिलाय मी." तिने वही मिटली. "सगळ्यांचं एकमत म्हणालासा, म्हंजे तुमचंबी आलंच, म्हणून गप बसलो. न्हायतर मी पोरं घिऊन भाऊसोंच्या दारात बसलो असतो."

"माझं मत तसं नव्हतंच, पोरी."

"मग त्या दिवशी मला का न्हाय सांगितलासा?"

भाऊसोंचं नाव सांगता आलं असतं, रीत सांगता आली असती. दोन्ही त्यांच्या ओठांवर आलं.

"भ्यालो," दत्तप्रसाद म्हणाले.

दीक्षाने मान हलवली आणि स्वतः उठून त्यांना बसायला खुर्ची दिली.